प्राध्यापक आणि आंदोलक: ओळख जनसुनावणीच्या आदल्या रात्रीच का होते?

मुठाकाठचा
नमस्कार. पुण्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो, नद्या आणि पाणलोट हा माझा विषय. बरेच दिवस डोक्यात घोळणारी गोष्ट इथे मांडतोय, कारण इथे दोन्हीकडची माणसं आहेत.

पर्यावरणाच्या प्रश्नांवर लढणाऱ्या लोकांशी आमची गाठ पडते ती बहुतेक वेळा एकाच रीतीने. एखाद्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधीची जनसुनावणी परवावर आलेली असते, कोणीतरी कोणाकडून तरी नंबर मिळवतं आणि फोन येतो, "सर, चारशे पानांचा पर्यावरण आघात अहवाल आहे, इंग्रजीत आहे, तेवढा नजरेखालून घालाल का?" केंद्राच्या २००६च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघावी लागते, पण गावाला ती कळेपर्यंत आणि अहवाल हातात पडेपर्यंत महिना सरलेला असतो. मराठीत असतो तो फक्त सारांश, आणि सारांशात सगळं कसं छान छान. मी जमतील तेवढे मुद्दे लिहून देतो. सुनावणी होते. पुढे काय झालं ते मला पेपरातून कळतं.

आमची बाजूही काही फार सोज्वळ नाही. संशोधनाला निधी मंजूर झाला की आम्हाला 'स्थानिक समुदाय' आठवतो. प्रश्नावली भरून झाली की पुढचा निधी येईपर्यंत तो समुदाय आणि आम्ही आपापल्या जागी सुखरूप.

बरं, शहर कुठलं? विद्यापीठ, आयसर, गोखले इन्स्टिट्यूट, एनसीएल, पाषाणची आयआयटीएम, सगळं एका गावात. पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठसुद्धा इथेच. आणि प्रश्नांना तोटा नाही: नदीकाठ सुधार, टेकड्या, ओढे, कचरा. तरी या दोघांमध्ये रुळलेली वाट नाही. दर वेळी नव्याने ओळखपाळख.

तेव्हा विचारतो: हा दुवा टिकाऊ कसा करायचा? तुमच्या पाहण्यात कुठे जमलं, कुठे फाटलं? 'समन्वय समिती स्थापन करावी' छाप उत्तरं कृपया नकोत. त्या मी कॉलेजात रोजच स्थापन करतो.

कांदेपोहे
मी पहिला. वाचतो सावकाश. शेवटच्या ओळीला दाद.

ऊसवाला_हवेली
सर, राग मानू नका, पण तुमचा फोन तरी लागतो. आमच्याकडचं ऐका.

कोथरूडचा कचरा डेपो बंद झाला आणि पुण्याचा कचरा आमच्या उरुळी-फुरसुंगीच्या शिवारात यायला लागला, १९८०च्या दशकात. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात. आमच्याकडं कचऱ्याचे डोंगर झाले. काळं पाणी जमिनीत मुरलं, विहिरींचं पाणी तोंडात घेण्याजोगं राहिलं नाही, टँकर सुरू झाले. आम्ही कचऱ्याच्या गाड्या अडवल्या की दोन दिवस शहराला आमच्या गावाचं नाव आठवतं. कचरा उचलला गेला की विसरतात.

या काळात शिकलेली माणसं आमच्याकडं फिरकली नाहीत असं अजिबात नाही. लई आली. बाटल्या घेऊन आली, फॉर्म घेऊन आली. दम लागतो का, अंगाला खाज सुटते का, घरात किती माणसं, उत्पन्न किती. आईनं प्रत्येकाला चहा केला. एकाला मी म्हटलं, रिपोर्ट आला की द्या हो आम्हाला, अर्जाला जोडू. म्हणाला, "पब्लिश झाल्यावर देतो." झाला पब्लिश. इंग्रजीत, आणि वाचायचा तर पैसे भरून. विहीर आमची, पाणी आमचं, आणि त्यात काय सापडलं ते बघायला पैसे पण आम्हीच भरायचे.

दुवा नंतर बांधा. आधी नेलंय ते परत द्या.

अरुणोदय
+१ ऊसवाला.

लॅबमधली_काकू
ऊसवाला, तुमचा राग रास्त आहे. माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली, म्हणून त्या बाटल्यांबद्दल थोडं लिहिते. इथल्या बऱ्याच जणांना उपयोगी पडेल.

बीओडीसाठी, म्हणजे पाण्यात सेंद्रिय मळ किती ते मोजायला, घेतलेला नमुना बर्फात, साधारण चार अंशांवर ठेवून चोवीस तासांच्या आत लॅबमध्ये पोचावा लागतो. नाहीतर बाटलीतले जिवाणू वाटेतच सेंद्रिय मळ खाऊन टाकतात आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. लोक पोटतिडकीने, कोल्ड्रिंकच्या बाटलीत, दोन दिवस गाडीच्या डिकीत फिरवलेलं पाणी आणतात आणि आकडा कमी आला की लॅब विकली गेली म्हणतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९७४च्या जल कायद्यात कलम २१ आहे. त्या कायद्याखालच्या खटल्यात पुरावा म्हणून चालतो तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसांनी ठरल्या रीतीने, नोटीस देऊन, जागेवर सील करून घेतलेल्या नमुन्याचा अहवाल. मग आपण घेतलेला नमुना फुकट जातो का? नाही. त्याच्या जोरावर मंडळाला लेखी सांगता येतं की येऊन तुम्ही नमुना घ्या. हरित लवादापुढे तपासणीची मागणी करता येते, कारण लवाद पुरावा कायद्याच्या चौकटीत जखडलेला नाही. पण त्यासाठी कुठे, कधी, किती खोलीवर, कोणी पाणी घेतलं याची नोंद हवी. फोटो हवा. ते शिकवायला अर्धा दिवस पुरतो आणि पीएचडी लागत नाही.

पुढच्या वेळी कोणी बाटली घेऊन विहिरीवर आलं तर चहाआधी विचारा: बर्फ कुठाय? निम्मा नमुना आम्हाला देणार का? रिपोर्ट किती तारखेला?

ऊसवाला_हवेली
काकू, इतकी माणसं येऊन गेली, बर्फाचं आजवर कोणी बोललं नव्हतं. लिहून ठेवलं.

टेकडीवर_पहाटे
आमचा अनुभव बराच बरा आहे. वेताळ टेकडीवरून बालभारती–पौड फाटा रस्ता न्यायचं परत निघालं, २०२३ साली लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, तेव्हा भूजलवाले, वनस्पतीवाले, पक्ष्यांवाले आपण होऊन आले. कोणाला रात्री फोन करावा लागला नाही. टेकडीत पाणी कुठे मुरतं, कुठली झाडं मूळची आणि कुठली वनखात्याने लावलेली गिरिपुष्प, याच्या नोंदी त्यांच्याकडे आधीपासून होत्या.

कारण सोपं आहे. ते रोज सकाळी तिथेच फिरायला येतात.

ओढ्याकाठची
टेकडीकाका, तुम्ही सहज म्हणून गेलात, पण दुखणं तेच आहे. तज्ज्ञ लोक फुरसुंगीला फिरायला जात नाहीत.

मी दांडेकर पुलाजवळ मुलांचा अभ्यासवर्ग घेते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा फुगला. त्या पुरात पुणे आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली. मग अभ्यास सुरू झाले: ओढ्याची रुंदी, अडथळे, पूररेषा. सगळं शास्त्रशुद्ध. आणि २०२१च्या जूनमध्ये, कोरोना चालू, पावसाळा लागलेला, अशात ओढ्याकाठची घरं पाडायला सुरुवात झाली. कोर्टाची स्थगिती येईपर्यंत बरीच पडली होती. कात्रजपासून खाली येताना सोसायट्यांच्या भिंतींनी आणि रस्त्यांनी हाच ओढा किती आवळलाय ते चालत जाऊन बघा. जेसीबी कुठल्या टोकाला आधी पोचला?

नकाशावर रेघ मारणाऱ्यातल्या कोणी वस्तीत येऊन विचारलं का, की पाणी आधी कुठल्या बोळातून शिरलं, किती वेळ राहिलं, कुठली भिंत पडल्यावर एकदम चढलं? इथल्या बायका तुम्हाला पायरी दाखवून सांगतील. ते कुठल्याच अहवालात नाही. म्हणून वस्तीत 'सर्व्हे' म्हटलं की लोक दार लावून घेतात. सर्व्हेनंतर नोटीस येते हे त्यांनी पाहिलेलं आहे.

मुठाकाठचा सर, प्राध्यापकांनी कोणाशी दुवा जोडायचा हाही प्रश्न आहे. इंग्रजी ईमेल लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांशी तो आधीच जुळलेला आहे.

टेकडीवर_पहाटे
बरंचसं मान्य. फक्त टेकडीवर फिरणारे सगळे बंगलेवाले नसतात. उतारावरच्या वस्त्याही टेकडीवरच आहेत आणि त्यांच्याशी आम्ही नीट बोललेलो नाही, हेही खरं.

आणि 'काका' नको. मी पस्तिशीची बाई आहे.

ओढ्याकाठची
अगं बाई! सॉरी ताई.

खवचट_पेठी
प्राध्यापकांच्या दारावर लावण्यासाठी पाटी तयार केली आहे, मोफत वापरावी:
"जनसुनावणीची कामे आदल्या रात्री स्वीकारली जाणार नाहीत. चारशे पानांस चार दिवस लागतील. अहवालाची प्रत स्वतः आणावी, आमची मागू नये. सही हवी असल्यास आधी बसून घ्यावे. दुपारी १ ते ४ आम्ही लवादापुढेही हजर राहत नाही."

ह्यूस्टनचा_हरी
खवचट, साष्टांग.

मी राहतो त्या गावची गोष्ट सांगतो, विषयाला धरून आहे. १९७९ साली इथे नॉर्थवूड मॅनर नावाच्या, बहुतांशी कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय वस्तीजवळ कचराभूमी मंजूर झाली. लोकांनी दावा लावला. त्यांची वकील होती लिंडा मॅकीव्हर बुलार्ड. तिने नवऱ्याला कामाला लावलं. रॉबर्ट बुलार्ड, टेक्सस सदर्न विद्यापीठात समाजशास्त्राचा तरुण प्राध्यापक. त्याने वर्गातल्या विद्यार्थ्यांना घेऊन शहरभर कचऱ्याच्या जागा शोधल्या, जुनी कागदपत्रं उपसली, नकाशावर हाताने खुणा केल्या. निघालं काय, तर शहराच्या मालकीच्या पाचच्या पाच कचराभूमी कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये, आणि शहरात त्यांची लोकसंख्या साधारण चौथा हिस्सा.

दावा ते हरले. पण हाच माणूस पुढे पर्यावरणीय न्यायाच्या अभ्यासाचा जनक म्हणून ओळखला गेला. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरन काउंटीत विषारी मातीचे ट्रक अडवून लोक अटक करून घेत होते, तेव्हा 'हे एकाच गावात घडत नाही' असं म्हणायला असल्या अभ्यासांचा आधार झाला.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. प्रश्न वस्तीकडून आला. आणि काम वर्गात, शिकवण्याचा भाग म्हणून झालं, त्यासाठी वेगळा निधी येण्याची वाट बघितली नाही. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकात विद्यापीठांनी चक्क 'विज्ञान दुकानं' उघडली होती. लोकांनी प्रश्न घेऊन यायचं, विद्यार्थ्यांनी त्यावर काम करायचं, त्याचे त्यांना मार्क मिळायचे.

सीएचबी_ग्रस्त
आमच्याकडे शिक्षणात दुकानंच दुकानं आहेत हरीभाऊ. विज्ञान तेवढं आणायचं राहिलंय.

बंडगार्डन
ह्यूस्टन, नेदरलँड्स ठीक आहे, पण कर्वे रस्त्यावर बघा की. एसएनडीटीच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरावेचक बायका-मुलांना शिकवायला जायच्या. मुली वर्गात बसेनात, कारण सकाळी कचरा वेचायला जायचं. मग बाईंनी वर्ग बाजूला ठेवला आणि त्यांच्याबरोबर फिरायला सुरुवात केली. घरातूनच ओला-सुका वेगळा मिळाला तर उकिरड्यात हात घालावा लागणार नाही, म्हणून कोरेगाव पार्कात तसा प्रयोग केला. तर त्याच भागात एक उद्योजक गाडी घेऊन दारोदार कचरा गोळा करायला आला. पोटावर पाय येणार हे दिसल्यावर बायका रस्त्यावर उतरल्या. तिथून हमालांचे नेते बाबा आढावांकडे, आणि १९९३ साली कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत.

आता मास्तरांचा प्रश्न. विद्यापीठातल्या बायांचा इथे उपयोग काय झाला? मोजमापाचा. या बायका किती कचरा वेचतात, त्यामुळे शहराची वाहतूक आणि विल्हेवाट किती वाचते, याचा हिशेब मांडला गेला. पालिकेत 'गरिबांवर दया करा' म्हणून कोणी गेलं नाही. आम्ही तुमचे पैसे वाचवतो, तेव्हा आम्हाला कामगार म्हणा, अशी मागणी होती. ओळखपत्रांना मान्यता मिळाली, पुढे आरोग्य विमा आला, २००८ साली 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचा पालिकेशी करार झाला. कराराच्या नूतनीकरणाची दर वेळची ओढाताण वेगळी, त्यावर स्वतंत्र धागा होईल.

आणि त्या कोणी पंधरा दिवसांचं शिबिर घेऊन परतल्या नाहीत. तिथेच राहिल्या. विद्यापीठानेही त्यांना तिथे राहू दिलं. आज कुठलं विद्यापीठ राहू देईल?

कांदेपोहे
हे इतकं तपशिलात माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीत 'स्वच्छ'च्या ताई येतात, रोज बोलणं होतं, पण हे कधी विचारलं नाही.

सीएचबी_ग्रस्त
बंडगार्डनच्या शेवटच्या प्रश्नावरच येतो. आज कोणी राहू देणार नाही, आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नाही. हिशेब तसा आहे.

माझ्यासारखे निम्मे लोक तासिका तत्त्वावर. दरवर्षी मे महिन्यात बेकार, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. मुलाखतीत कागदावर काय लागतं? स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीतल्या नियतकालिकांमधले शोधनिबंध. गावाला मराठीत लिहून दिलेल्या आठ पानांच्या टिपणाला शून्य गुण. नॅकमध्ये, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनात, 'विस्तार कार्य' नावाचा रकाना असतो, पण तो वृक्षारोपणाच्या फोटोवर भरतो. बॅनरसकट फोटो. रोप जगलं का हे कोणी विचारत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सही. मुद्दे काढून देणारे बरेच भेटतील. प्रतिज्ञापत्रावर सही करणारे किती? प्रकल्पवाल्याची ओळख संस्थाचालकांपर्यंत असते. एक फोन येतो, "तुमचे ते सर फारच सामाजिक झालेत." पुढच्या जूनमध्ये माझं नाव यादीत नसतं. मुठाकाठचा सर, तुम्ही कायम आहात. तुम्ही सही करता का?

मुठाकाठचा
सरळ विचारलंत, सरळ उत्तर. करतो, स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्यावर. कॉलेजचं नाव घालत नाही, कारण त्याला परवानगी लागते आणि ती मागितली की फाइल तिथेच झोपते. पण नुसत्या नावाला वजन कमी पडतं. समोरच्या बाजूने सल्लागार कंपनीचा शिक्का असलेला जाडजूड अहवाल, इकडून 'अमुक, राहणार सहकारनगर'.

म्हणून मला वाटतं, एकट्याने सही करण्यात अर्थ नाही. वेगवेगळ्या कॉलेजांतल्या पंधरावीस जणांनी एकाच टिपणावर करावी. निवृत्त लोकांनी वर करावी, कायम असलेल्यांनी मध्ये. तुमच्यासारख्यांनी काम करावं आणि नाव झाकलेलं ठेवावं, काळ बदलेपर्यंत.

तटस्थ_निरीक्षक
सगळे एकमेकांची पाठ थोपटताय, म्हणून जरा वेगळं. शास्त्रज्ञाने कुठल्या बाजूचं असावंच का? मी बऱ्याच सुनावण्या पाहिल्यात. चळवळवाले आकडा आधी ठरवतात, मग त्याला शास्त्रज्ञ शोधतात. 'या प्रकल्पाने कॅन्सर होणार' असं छातीठोक सांगतात, पुरावा शून्य. उद्या प्राध्यापक त्यांच्या मंचावर दिसला की त्याच्या खऱ्या आकड्यांवरही लोक विश्वास ठेवणार नाहीत. दुवा नको, अंतर हवं.

ऊसवाला_हवेली
अंतर आहेच की. पुणे ते फुरसुंगी.

गणिती_आजोबा
तटस्थराव, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग घेतो. अतिशयोक्ती चळवळीला मारते. पण त्यावर अंतर हा उपाय नाही. एन्रॉन आठवा. १९९०च्या दशकात या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाचा वीज खरेदी करार म्हणजे दराच्या सूत्रांचं जंगल. विरोध करणारे बरेच होते: कोणी स्वदेशी म्हणून, कोणी मच्छीमारांसाठी, कोणी निव्वळ काँग्रेसविरोध म्हणून. पुण्यातल्या 'प्रयास' या अभ्यासगटाने, गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तो करार कलमाकलमाने वाचला आणि ही वीज किती महाग पडेल, वीज मंडळावर किती बोजा येईल ते मांडलं. घोषणा नाही, गणित. ते कामगार संघटनांनी वापरलं, पत्रकारांनी वापरलं. २००१ साली मंडळाने खरंच ती वीज घेणं थांबवलं, तेव्हा गणित कोणाचं बरोबर होतं ते दिसलं.

ते लोक तटस्थ होते का? ग्राहकाच्या बाजूचे होते, आणि तसं उघड सांगत होते. आकड्यात लबाडी नव्हती एवढंच. सल्लागार कंपनी प्रकल्पवाल्याकडून पैसे घेऊन अहवाल लिहिते, तिला 'तुम्ही कुठल्या बाजूचे' असं कोणी विचारत नाही, ही एक गंमतच.

सह्यकडा
पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीचं कोणी काढलं नाही अजून? २०१० साली समिती, ऑगस्ट २०११ला अहवाल, आणि मंत्रालयाने तो कपाटात ठेवला. बाहेर कसा आला? केरळातल्या एका कार्यकर्त्याचा माहिती अधिकाराचा अर्ज, मग केंद्रीय माहिती आयोग, मग दिल्ली उच्च न्यायालय, तेव्हा कुठे मे २०१२. अहवाल लिहिणारे नावाजलेले शास्त्रज्ञ, आणि कपाट उघडायला लागला अर्ज करणारा माणूस.

पुढचं जास्त महत्त्वाचं. निर्णय ग्रामसभांना विचारून व्हावेत असं माधव गाडगीळ शेवटपर्यंत सांगत राहिले, पण अहवाल गावात त्यांच्या भाषेत पोचण्याआधी 'आता घराची वीटसुद्धा रचता येणार नाही' ही अफवा पोचली. खाणवाल्यांचे दुवे पक्के होते, ते आधी पोचले.

इतिहासाचं_पान
थोडं अवांतर. पुणे जिल्ह्यात हे भांडण शंभर वर्षांचं आहे. मुळशी सत्याग्रह, १९२१. टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे. त्यांचे पुढारी सेनापती बापट, एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेले. म्हणजे तज्ज्ञ आणि कार्यकर्ता एकाच धोतरात.

त्यातही पुण्याची फूट होतीच. मुळशीतल्या बऱ्याच जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता. त्यांना मोबदला चांगला मिळाला की भागत होतं. कसणाऱ्या मावळ्याला जमीनच सोडायची नव्हती. पुणे विद्यापीठातले राजेंद्र व्होरा यांनी यावर नीट संशोधन केलं, पण सत्याग्रह झाल्यावर सत्तर वर्षांनी. ओढ्याकाठची म्हणतात ते तेव्हाही होतं, लढा कोणाच्या नावाने आणि तडजोड कोणाच्या सोयीने.

खवचट_पेठी
सत्तर वर्षं म्हणजे विद्यापीठाच्या मानाने वेळेत.

संपादक_मंडळ
मुळशी धरणाच्या पाण्याच्या वाटपावरचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. मिसळ कुठे चांगली मिळते यावरचे दोन उडवले आहेत. मूळ विषयावर यावे.

एमए_भाग२
नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचतेय, पहिल्यांदाच लिहितेय. समाजशास्त्रात एमएला आहे, प्रबंधाला विषय निवडायचाय. मार्गदर्शक म्हणतात 'नागरी पर्यावरणवादाचे विमर्श' घे. मला त्यातलं काहीच कळलेलं नाही. ऊसवाला काकांचं वाचून वाटलं, आत्तापर्यंत उरुळी-फुरसुंगीवर जे जे लिहिलं गेलंय ते शोधून, त्यात काय सापडलं ते मराठीत एका ठिकाणी मांडलं तर? कॉलेजच्या लॉगिनवरून मला ते पेपर फुकट उघडतात. प्रबंध होईल की नाही माहीत नाही.

बंडगार्डन
प्रबंध नक्की होईल. प्रत्येक अभ्यास गावाला परत मिळाला का, हा एक रकाना त्यात घाल. तुझे मार्गदर्शक दचकतील, पण नाही म्हणणार नाहीत.

मुठाकाठचा
मूळ प्रश्नाला मला मिळालेलं सर्वांत कामाचं उत्तर हेच. एमए_भाग२, पेपर मिळवायला मदत लागली तर मला निरोप करा. बाकी कोणाला पर्यावरण आघात अहवाल वाचायला शिकायचं असेल तर मी आठवड्यातून एक संध्याकाळ देतो. सुनावणी जवळ नसताना, एखादा जुना अहवाल घेऊन. कुठली पानं आधी उघडायची ते एकदा कळलं की चारशे पानांची भीती जाते. लोकसंख्या, पाण्याचे स्रोत आणि नमुने घेतल्याच्या तारखा, एवढं आधी बघायचं. मे महिन्यात घेतलेल्या नोंदींवर ओढा 'कोरडा' ठरवलेला मी पाहिलाय.

ओढ्याकाठची
संध्याकाळ म्हणजे किती वाजता? वस्तीतल्या बायका धुणीभांडी करून साडेतीनला येतात, सहाला परत संध्याकाळच्या कामांवर. चार ते साडेपाच जमेल. रविवार नको, रविवारी घरोघरी जास्तीचं काम असतं. आणि कॉलेजात नको, गेटवर ओळखपत्र मागतात. आमचा वर्ग भरतो ती खोली आहे, पंखा एकच आहे.

मुठाकाठचा
बुधवारी चार. माझा साडेतीनचा तास असतो, तो सकाळी ढकलता येतो का बघतो.

लॅबमधली_काकू
नमुने घ्यायला शिकवायचं माझ्याकडे लागलं. बर्फाची पेटी आहे घरी. आधी फुरसुंगीला जाऊ, विहिरींची यादी ऊसवाला करतील. कुठल्या विहिरीचं पाणी अजून वापरात आहे आणि कुठली सोडून दिली, दोन्ही हव्यात. डेपोपासून लांबचीही एक हवी, तुलनेला.

ऊसवाला_हवेली
करतो यादी. रिपोर्ट मराठीत, पहिला ग्रामस्थांना, मग बाकी जगाला. हे आधी कागदावर लिहून सही करा, मग या. चहा आहेच.

तटस्थ_निरीक्षक
एक प्रश्न आहे, तोही आधीच कागदावर लिहा. आकडा तुमच्या म्हणण्याच्या उलट आला, पाणी चांगलं निघालं, तर तोही असाच जाहीर करणार का?

ऊसवाला_हवेली
करणार. लिहून देतो. पाणी चांगलं निघालं तर पहिला तांब्या तुम्ही प्यायचा, आमच्यासमोर.

तटस्थ_निरीक्षक
कबूल. तारीख ठरली की कळवा, येतो.